गाणे आपले, कागद कुणाचा?



गेल्या मार्चमधली गोष्ट. विहारातली मीटिंग आटोपून रात्री साडेदहाला आम्ही घरी पोहोचलो, तर दारात तिघे जण उभे. दोन मुले, एक मुलगी. तिघेही कल्याण पूर्वेला आमच्याच गल्लीत वाढलेले. एकाच्या खांद्यावर गिटार, मुलीच्या हातात चार पानांचा इंग्रजी कागद.

"काका, एवढं वाचून द्या ना. शुक्रवारी सही करायची आहे."

या मुलांचा रॉक बँड आहे. एक जण दिवसभर पार्सले पोहोचवतो, दुसरा रात्रशाळेनंतर आता कॉलेजात आहे आणि गाणारी मुलगी लॅबमध्ये नोकरी करते. त्यांनी एक गाणे तयार केले होते. असे एकच गाणे स्वतंत्रपणे बाजारात आणतात, त्याला सिंगल म्हणतात. १४ एप्रिलच्या आधी त्यांना ते काढायचे होते.

गाणे कसे झाले ते ऐकून आम्हाला या मुलांचे कौतुक वाटले. डोंबिवलीच्या एका स्टुडिओत तासावर पैसे. खऱ्या ड्रमच्या प्रत्येक भांड्यापुढे वेगळा माइक लावावा लागतो, तेवढी ऐपत नाही. म्हणून ड्रमचा ठेका कॉम्प्युटरवर बांधला. त्या ठेक्यावर आधी गिटार, मग बेस, मग आमच्या मंडळाची ढोलकी आणि सर्वांत शेवटी आवाज. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करायचे आणि नंतर सगळ्यांचा मेळ घालायचा. शेवटची लोकल चुकू नये म्हणून एक कडवे अर्धवट टाकून पळाले होते; ते पुढच्या रविवारी पुरे केले.

आमच्यातले काही ज्येष्ठ म्हणतील, हा धांगडधिंगा आपल्याला कशाला? बंधूंनो, विचार थोर असेल तर वाद्य परके राहत नाही. मुंबईत कबीर शाक्य यांच्या धम्म विंग्ज या बँडने रॉकच्या वाद्यांवर बुद्ध-भीम विचार मांडला. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी कास्टलेस कलेक्टिव्ह हा बँड उभारला. ६ जानेवारी २०१८ रोजी त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वस्तीतले गाना संगीत, रॉक आणि रॅप त्यांनी एकत्र आणले. बँडचे नाव सुचले ते पंडित अयोथी दास यांच्या शब्दांवरून. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या कितीतरी आधी, १८९८ च्या सुमारास तमिळनाडूत बुद्धाकडे वळलेला हा विचारवंत. तेव्हा गिटारचे आम्हाला भय नाही. भय वाटले ते त्या चार पानांचे.

कागद एका चॅनलवाल्याचा होता. गाणे तो फुकट प्रसिद्ध करणार. बदल्यात शब्द, चाल आणि मुद्रण यांचे सर्व हक्क, सर्व जगात, कायमचे त्याचे. मोबदल्याच्या रकान्यात काहीच नाही.

आम्ही तो कागद वाचला आणि एक जुना दिवस आठवला. १९९७ साली आमच्या कलापथकाची कॅसेट निघाली. गाणी लिहिली होती गवंडीकाम करणाऱ्या एका काकांनी. कंपनीचा करार इंग्रजीत होता आणि मंडळात इंग्रजी वाचू शकणारे आम्ही एकटेच, वय अवघे सतरा. 'सर्व हक्क' हे शब्द आम्ही वाचले, अर्थ काही विचारला नाही, आणि "ठीक आहे, करा सही" असे सांगून मोकळे झालो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर काकांनी स्वतःच्या पैशाने ती कॅसेट विकत घेतली. कव्हर उलटेपालटे करून पाहिले आणि आम्हाला विचारले, "यात माझं नाव कुठं रे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. काका आता हयात नाहीत. त्यांचे एक गाणे मात्र आजही जयंतीला वाजते.

वाचकहो, आमच्या शाहिरांना हे दुःख ठाऊक होते. मोठेपणी अक्षरे शिकलेले वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफत. कागद हरवला, छापणाऱ्याने नाव गाळले, तरी गाणाऱ्याच्या तोंडी कवी राहावा. आमच्या गरीब शाहिरांचा तोच कॉपीराइट होता.

आता काळ बदलला असे कुणी समजू नये. कास्टलेस कलेक्टिव्हमधूनच पुढे आलेल्या अरिवूचे आणि धी या गायिकेचे 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे मार्च २०२१ मध्ये निघाले आणि कोट्यवधी वेळा ऐकले गेले. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या आजीच्या आठवणींतून अरिवूने ते शब्द लिहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये एका नावाजलेल्या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला जागा नव्हती. टीका झाल्यावर मासिकाने त्याचे वेगळे मुखपृष्ठ काढले. २०२२ मध्ये गाण्याच्या श्रेयावरून अरिवू आणि संगीतकार संतोष नारायणन यांनी आपापली बाजू जाहीरपणे मांडली. मार्च २०२४ मध्ये तर संतोष नारायणन यांनीच सांगितले, की या गाण्याचा एक पैसाही आपल्याला मिळालेला नाही. एवढ्या गाजलेल्या गाण्याची ही कथा, तर आमच्या कोळसेवाडीच्या पोरांचे काय?

म्हणून कायदा समजून घ्यावा. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि मुद्रणाचा. शब्द लिहिले त्या क्षणी हक्क जन्मतो; नोंदणी सक्तीची नाही. शब्द व चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार व सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षेच धरतात. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कवी व संगीतकार यांना आपले वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कुणाला देऊन टाकता येत नाही. तसे कुणी लिहून घेतले तरी ते रद्द ठरते.

हे ऐकून गिटारवाला पोरगा रागावला. "काका, गाणं बाबासाहेबांवर आहे. त्यात पैसा कसला बघायचा?"

प्रश्न खरा होता. आम्ही म्हणालो, "बाळा, वस्तीत, विहारात, मोर्चात कुणीही गावं, एक पैसा मागू नकोस. पण दुसरा कुणी त्यावर कमावणार असेल, तर लिहिणाऱ्याने उपाशी राहणं म्हणजे चळवळ नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवलं, सोडून द्यायला नाही."

तो गप्प बसला. मुलीने मात्र कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मग आपणच काढू."

त्या रात्री दीड वाजेपर्यंत आमच्या ओट्यावर हिशेब चालला. वहीच्या एका पानावर मराठीत लिहिले: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोणते वाद्य कुणी वाजवले, खर्च कुणी किती केला, पैसे आलेच तर वाटणी कशी. ढोलकीवाल्याचेही नाव घातले. तो आला नव्हता, म्हणून काय झाले? खाली सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. मोबाइलवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीची वर्षाची फी वर्गणीतून भरली आणि १३ एप्रिलच्या रात्री गाणे बाहेर पडले.

फार ऐकले गेले असे नाही. पैसे तर अजून फीइतकेही सुटलेले नाहीत. पण मोबाइलवर गाण्याखाली चौघांची नावे आहेत. मुलीच्या आजीने ते गाणे ऐकून "फार आरडाओरडा आहे बाई" म्हटले आणि मग नातीचे नाव बोट ठेवून वाचून घेतले.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातही कुणी लिहिणारे, गाणारे असेल. जुन्या वह्या पेटीतून काढा, कवीचे नाव व साल लिहून ठेवा. मुलांच्या हाती गिटार असो वा ढोलकी, त्यांना अडवू नका. पण सहीआधी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर जाणत्याकडे न्या. आणि जाणत्यांनो, तुम्ही तो नीट वाचा. आम्ही एकदा वाचला नव्हता.

जयभीम!