शिपायाचा कोट कुठे गेला?

अठराव्या शतकातला ब्रिटिश लष्कराचा लाल कोट आज संग्रहालयात दिसला, तर तो बहुधा अधिकाऱ्याचा असतो. कापड उंची, रंग कोचिनील किड्यांपासून काढलेला लालभडक, कडेला सोनेरी किंवा रुपेरी जर. साध्या शिपायाचा कोट क्वचितच दिसतो. फौजेत अधिकारी मूठभर आणि शिपाई हजारोंनी. मग त्या हजारोंचे कोट गेले कुठे?

त्यांची जाकिटं झाली. शिपायाला साधारणपणे वर्षाला एक कोट मिळे. नवा आला की जुना उसवायचा आणि त्याच कापडातून आत घालायचं जाकीट बेतायचं. बराच काळ हीच रीत होती. रंग मॅडरच्या मुळांचा, विटकरीकडे झुकणारा. कापड जाडंभरडं, पण ओलं करून इतकं कुटलेलं की कापल्या कडेच्या दशा निघत नसत. त्यामुळे काठ न दुमडता तसेच सोडले तरी चाले. आजचे संग्राहक या उघड्या काठांवर खूश असतात. कारागिरी आहेच. पण दुमडीचं कापड आणि शिलाईची मजुरीही वाचत होती.

वाचलेला पैसा कोणाचा? शिपायाचा नव्हे. कपड्यांची रक्कम त्याच्याच पगारातून कापली जाई आणि पलटणीच्या कर्नलकडे जाई. कर्नल ठेकेदाराकडून कपडे करवून घेई आणि उरलेले पैसे स्वतः ठेवी. यात चोरी नव्हती. तो त्याचा राजमान्य हक्क होता, त्याला ऑफ-रेकनिंग्ज असं भारदस्त नावही होतं. ईस्ट इंडिया कंपनीनेही ही रीत उचलली. तिच्या हिंदुस्थानातल्या फौजांसाठी याच नावाचा फंड होता आणि त्यातला वाटा कर्नलांना मिळे. आपल्याकडच्या शिपायांनीही तोच लाल कोट घातला.

म्हणजे ज्याने पगार कापून घेऊन कोट घातला, त्याचा कोट झिजून संपला. अधिकाऱ्याने हौसेने शिंप्याकडून शिवून घेतलेला कोट घराण्याच्या पेटीत टिकला आणि तोच आता काचेआड उभा राहून ‘ब्रिटिश सैनिकाचा पोशाख’ म्हणून मिरवतो. कोणत्या लढाईतला, कोणत्या पलटणीचा, हे खालच्या पाटीवर असतं. पैसे कोणी भरले, तेही तिथे एका ओळीत लिहायला हरकत नाही.

कर्नलांचा हा नफा 1854 साली, क्रिमियाच्या युद्धाच्या धामधुमीत बंद झाला. बुडालेल्या मिळकतीबद्दल त्यांना वार्षिक भत्ता लावून देण्यात आला.