कानाला बांध नसतो

आमच्या गावच्या पारावर संध्याकाळी आम्ही सात-आठ जण बसतो. सगळे साठीच्या पुढचे. कुणाची गुडघ्याची तक्रार, कुणाची सुनेची. ऊस कधी तुटणार यावर अर्धा तास जातो. मग कुठल्या तरी वरातीतला डीजे सुरू झाला की एक जण हमखास सुस्कारा सोडतो, "आता कसली गाणी राहिलीत! गाणं होतं ते आपल्या टायमाला." बाकीचे माना हलवतात. मी हलवत नाही. त्यावरून आमची दोन-चार वेळा चांगली जुंपली आहे. एकदा तर अर्धा चहा टाकून मी उठून आलो. त्या दिवशी तोंडानं नीट बोलता आलं नाही, ते इथं लिहितो.

माझं म्हणणं सरळ आहे. गाणं आहे तिथंच आहे, आपण ऐकायचं सोडलं. रानाला घालतो तसे आपण कानाला बांध घातले. हे जुनं, ते नवं. हे देवळातलं, ते वस्तीतलं. हे शिकलेल्यांचं, ते अडाण्यांचं. बांधाच्या आत जेवढं उगवलं तेवढंच पीक, असं धरून बसलो आणि वर म्हणतो, जग ओसाड पडलं.

मी काही गाण्यातला जाणकार नाही. दहावी झालो आणि बैलांच्या मागं लागलो. तानपुरा जुळवता येत नाही, की राग ओळखून सांगता येत नाही. पण आमचं गाव मिरजेच्या टापूत. बाजाराला मिरजेला गेलो की तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या दुकानांवरून जायचो. भोपळे वाळत टाकलेले असायचे. आमच्या परड्यातल्या भोपळ्यासारखा भोपळा, त्याची सतार होते, तानपुरा होतो, हे पोरवयात बघितलं आणि तेव्हापासून या गोष्टीनं मला धरलं ते धरलंच.

दुसरा गुरू म्हणजे ट्रान्झिस्टर. सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 सालचं. रात्रीची पाण्याची पाळी असली की दारं धरायला जाताना मी तो खांद्याला अडकवायचो. सरीत पाणी सोडायचं, ते टोकाला पोचेपर्यंत बांधावर बसायचं. शनिवारी रात्री साडेनऊला राष्ट्रीय कार्यक्रमात तासाच्या वर शास्त्रीय गाणं लागायचं. एका सरीला लागणारा वेळ आणि एका आलापीला लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही, पाण्यानं सांगितलं.

पण सगळंच पहिल्यांदा गोड लागलं असं नाही. मल्लिकार्जुन मन्सूर लागले की मी कान पिळून दुसरं स्टेशन लावायचो. कसला हा आवाज, दमच घेऊ देत नाही, असं वाटायचं. सतरा-अठरा वर्षांचा होतो. पुढं 1992 च्या सप्टेंबरात ते गेले. रेडिओवर त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लागलं. त्या रात्री गाय व्यायला झाली होती. मी गोठ्यात कंदील घेऊन जागत होतो. हात शेणानं भरलेले, म्हणून स्टेशन बदलता आलं नाही. खरं कारण एवढंच. आणि ऐकता ऐकता मी खाली टेकलो. हा माणूस एका श्वासात सांगून पुढं जातो, रेंगाळत नाही, मागं वळून 'बघा कसं केलं' म्हणत नाही. धारवाडजवळच्या मन्सूर गावात, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. त्यांना नावसुद्धा उशिरा मिळालं, वय झाल्यावर. मला वाटलं, माझ्यासारख्या किती जणांनी स्टेशन बदललं असेल, म्हणून तर उशीर झाला नसेल?

मुद्रण तेच होतं. मधल्या काळात मी विहीर आटलेली पाहिली होती, गारांनी झोडपलेली बाग पाहिली होती, बाप पोचवून आलो होतो. त्या रात्री कालवड झाली. घरच्यांना वाटलं मी तिच्यामुळं खूश आहे.

आता पारावरच्या मंडळींना मी विचारतो. तुम्ही 'जुनं ते सोनं' म्हणता, पण जुनं तरी किती ऐकलंत? रेडिओनं घासून घासून वाजवलेली वीस-पंचवीस गाणी, तेवढंच तुमचं जुनं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली गेले, मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरसात गवई तिथं हजेरी लावतात. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण उरसात तुम्ही पाळण्यात बसायला जात होता. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, हेही कुणी सांगेल. पण त्यांची शिष्या रोशनआरा बेगम? फाळणीनंतर पाकिस्तानात लालामुसा नावाच्या गावात जाऊन राहिली. मिरजेचं गाणं तिथवर गेलं, आणि इथं बैलगाडीच्या अंतरावर राहणाऱ्या मला ते कळायला साठी गाठावी लागली! नातीनं मोबाईलवर लावून दिलं. तिकडचा स्वर ऐकला आणि आपल्या भागातलं माणूस परगावी भेटावं तसं झालं. म्हणजे जुन्यातसुद्धा नवं सापडतं. मात्र शोधायची खाज पाहिजे. ती नसेल तर जुन्याचं कौतुक सांगू नये. ते कौतुक गाण्याचं नसतं, आपल्या गेलेल्या तरुणपणाचं असतं.

आता शहरातल्या मंडळींकडं वळतो. त्यांचा बांध वेगळा. एका मोठ्या शहरात मैफलीला गेलो होतो. धोतर, टोपी, पायात वहाणा. शेजारच्या गृहस्थांनी मध्यंतरात विचारलं, "काका, तुम्हाला हे कळतं का?" प्रश्न प्रेमानंच विचारला होता, म्हणून जास्त लागला. मी म्हणालो, "कळत नाही. पण होतं काहीतरी." ते हसले. त्यांना रागाचं नाव ठाऊक होतं, मला नव्हतं. पण मैफलभर ते तीनदा घड्याळ बघत होते.

कुमार गंधर्वांची गोष्ट अशा वेळी आठवावी. क्षयानं आजारी पडून ते देवासला गेले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून त्यांनी काय ऐकलं? माळव्यातल्या साध्या माणसांची, बायाबापड्यांची गाणी. त्या धुनांतून त्यांनी पुढं नवे राग बांधले. एवढा मोठा गवई ज्यांचं ऐकून उठला, त्यांना रागाचं नाव कुणी विचारलं नाही. मग आम्हालाच का विचारता? आमच्या आईनं आयुष्यभर जात्यावर ओव्या म्हटल्या. पिठाची गिरणी आली आणि आईच्या ओव्या बंद झाल्या. आम्ही भावंडांनी एक ओवी लिहून ठेवली नाही, कारण ते गाणं आहे असं आम्हाला वाटलंच नाही. पुढं कळलं, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. मोबाईलवर त्यातली एका अनोळखी बाईची ओवी ऐकली. आवाज आईचा नव्हता, पण शेवटाला स्वर सोडायची तऱ्हा तीच. मी मोबाईल उपडा ठेवला आणि परड्यात जाऊन उभा राहिलो.

आता सगळ्यात उंच बांध. त्याबद्दल लिहायला माझा हात जड होतो, पण हे टाळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

शाळेत माझा एक जिवाचा मित्र होता, बौद्धवाड्यातला. चौदा एप्रिलला त्यांच्याकडं गाण्याचा कार्यक्रम असायचा. नववीत असताना तो म्हणाला, "येतोस का? पेटी, ढोलकी, सगळं हाय." मी गेलो. पुढं बसलो. वामनदादा कर्डकांची गाणी तिथं पहिल्यांदा ऐकली. शाळेतल्या कवितेपेक्षा सोपी, आणि अंगावर येणारी. हातात बॅटरी घेऊन आप्पा आले ते अर्ध्या गाण्यात. मला दंडाला धरून उठवलं. घरी आल्यावर कासऱ्यानं मारलं. म्हणाले, "गाणंच ऐकायचं तर आपल्या देवळात भजन न्हाई व्हय?"

मार विसरलो. पण मी पुन्हा गेलो नाही, ही गोष्ट विसरता येत नाही. आप्पा पुढं थकले, गेले. मला अडवणारं कुणी उरलं नव्हतं, तरी मी गेलो नाही. वस्तीतला लाऊडस्पीकर वाऱ्यावर आमच्या रानापर्यंत ऐकू यायचा. मी बांधावर उभा राहून ऐकायचो आणि कुणी येताना दिसलं की खोऱ्यानं माती ओढायला लागायचो.

गंमत बघा. आमच्या देवळावरच्या कर्ण्यावर आषाढी-कार्तिकीला पहाटेपासून विठ्ठलाची गाणी लागायची. गाणारे प्रल्हाद शिंदे, मंगळवेढ्याकडचे. आमची म्हातारी माणसं त्या आवाजाला हात जोडायची. आणि तोच आवाज वस्तीतल्या कर्ण्यावर भीमगीत गायला लागला की तीच माणसं म्हणायची, "बंद करा म्हणावं तो कालवा." गळा एकच, पेटी-ढोलकी तीच. मधी फक्त ओढा. ओढ्याच्या अलीकडं भक्ती आणि पलीकडं कालवा! याला कान म्हणायचं की सातबारा?

तमाशातल्या बायांशी तरी आपण दुसरं काय केलं? विठाबाई नारायणगावकरांच्या फडाला गर्दी करणारे आम्हीच. पोटुशी असताना फडावर नाचल्या, बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर आल्या, हे सांगताना छाती फुगवणारेही आम्हीच. आता शासन त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. पण त्यांचा गळा म्हणून कुणी ऐकला? शिट्ट्यांत ऐकू येईल कसा? मी स्वतः शिट्टी मारली आहे. पन्नाशीनंतर घरात एकट्यानं कॅसेट लावून त्यांची लावणी ऐकली, तेव्हा कळलं की बाई शब्दावर किती ठिकाणी थांबते आणि किती ठिकाणी नुसता भास करून पुढं जाते. ते तंबूत माझ्यासमोर झालं होतं, आणि मी बघत बसलो होतो.

2004 साली वामनदादा गेले, महिनाभराच्या अंतरानं प्रल्हाद शिंदेही गेले. पेपरात वाचलं, वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, मोठेपणी मुंबईत गेल्यावर अक्षरं शिकले आणि मग गाणी लिहायला लागले. मी दहावी शिकलेला माणूस, पण या माणसानं मोठेपणी गिरवलेल्या अक्षरांना तीस वर्षं घाबरून राहिलो. पुढच्या चौदा एप्रिलला मी गेलो. मित्र पुढंच बसला होता, केस पांढरे झालेले. मी शेजारी बसलो. त्यानं बघितलं, सरकून जागा दिली. कार्यक्रम संपल्यावर म्हणाला, "लई उशीर केलास. मी तुमच्या काकड आरतीला रोज देवळाबाहेर उभा राहून ऐकत हुतो. मला कुणी आत बोलावलं न्हाई, पर मी ऐकायचं सोडलं न्हाई."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. पण एवढं कळलं की आमच्या दोघांत खरा ऐकणारा तो होता.

तुम्ही म्हणाल, मग तो डीजेसुद्धा गोड मानून घ्यायचा का? नाही. छातीत धडकी भरवणारा आणि जनावरांना दावं तोडायला लावणारा आवाज मलाही नको. पण डीजेकडं बोट दाखवून सगळ्या नव्याला नावं ठेवू नका. तण माजलं म्हणून कुणी रान पड टाकत नाही. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या औरंगाबादच्या कडूबाई खरात ऐका. साथीला वाद्यांचा डोंगर नाही, मांडव नाही, आणि आवाज सरळ काळजात. वेंकटेश कुमार ऐका. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात, पुट्टराज गवईंकडं शिकलेले. मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साठी ओलांडली होती, आणि तरी पंधरा दिवस दारं धरताना दुसरं काही लावलं नाही. बायको म्हणाली, "ह्या वयात हे काय नवीन खूळ?" खूळच म्हणा. पण साठीनंतर नवीन भेटायला उरतंच काय? दुखणी भेटतात, नोटिसा भेटतात. अशा वयात एखादा नवा गळा भेटावा, हा आनंद लहान नव्हे. पहिल्या पावसाचा वास दर वर्षी तोच असतो, तरी आपण दर वर्षी दारात येऊन उभे राहतोच की.

पारावरच्या मंडळींवर माझा राग नाही. तीच माझी माणसं आहेत. पण त्यांना एक सांगणं आहे, आणि वाचणाऱ्यालाही. येत्या आठवड्यात असा एक गळा ऐका, जो तुमच्या घरात आजवर वाजलेला नाही. का वाजला नाही, हेही स्वतःला विचारा. आवडला नाही तर बंद करा, पण चार-सहा वर्षांनी पुन्हा एकदा लावून बघा. मला मन्सूर कळायला अठरा वर्षं लागली, वामनदादांकडं परत जायला तीस.

मित्र आणि मी आता कधी कधी माझ्या रानात संध्याकाळी बसतो. एक मोबाईल, दोघांच्या मध्ये. पहिलं गाणं तो लावतो, दुसरं मी. परवा त्यानं विचारलं, "आप्पा असते तर?" मी म्हणालो, "पाणी बघून येतो," आणि उठलो. परत आलो तोवर त्यानं प्रल्हाद शिंदे लावले होते. विठ्ठलाचं गाणं होतं. ते संपल्यावर मी भीमगीत लावलं.