अर्धशिशी : गोळ्यांचे दिवस मोजा

अर्धे डोके ठणकायला लागले की अनेक मराठी घरांत अजूनही सहाण शोधली जाते. सुंठ उगाळून कपाळावर लेप लावायचा, पडदे ओढून घ्यायचे, ओढणी डोक्याला घट्ट बांधायची आणि पडून राहायचे. कोणी सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायला सांगते, कोणी नाकात तुपाचे थेंब सोडायला. या उपायांवर घरोघरी हिरिरीने चर्चा होते. पण प्रत्यक्षात बहुतेक जण करतात ते वेगळेच. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणलेली डोकेदुखीची गोळी पर्समध्ये, कपाटात, ऑफिसच्या खणात ठेवलेली असते. आज खरा घरगुती उपाय तोच झाला आहे आणि काळजी करायची तर त्याचीच.

मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे, बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला. जगात साधारण दर सात माणसांमागे एकाला तो होतो. स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. चेहऱ्याच्या व डोक्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या टोकांतून ‘सीजीआरपी’ नावाचे रसायन पाझरते, मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदनेचे संदेश सुरू होतात. उपचार न केल्यास झटका ४ ते ७२ तास टिकतो. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणे हे सगळे त्यातलेच. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. आणि तरीही, रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये काही सापडत नाही म्हणून, ‘कामाच्या वेळी बरोबर हिचे डोके दुखते’ हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरांतून हद्दपार झालेले नाही.

घरच्या उपायांतली अंधारी, शांत खोली अगदी योग्य. कपाळावर किंवा मानेवर थंड पट्टी ठेवल्यानेही अनेकांना आराम पडतो. सुंठेचा लेप पातळ लावावा, कातडी भाजेपर्यंत ठेवू नये. सुंठ पोटात घेण्याबद्दल थोडा अभ्यास झाला आहे : इराणमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत सुंठपूड आणि सुमाट्रिप्टान हे मायग्रेनचे औषध यांचा दोन तासांनंतरचा परिणाम जवळपास सारखा दिसला. मात्र त्या चाचणीत बिनऔषधाच्या गोळीशी तुलना नव्हती, त्यामुळे लगेच हुरळून जायला नको. मळमळ असेल तर आल्याचा तुकडा चघळून पाहायला हरकत नाही. नाकात तूप-तेल स्वतःच्या मनाने सोडू नये. ते फुप्फुसात उतरू शकते. जिलेबीच्या बाजूने पुरावा नाही, पण पोट रिकामे राहिल्याने झटका येतो हे खरे. चतुर्थी आणि एकादशीच्या संध्याकाळी ज्यांचे डोके हमखास उठते त्यांनी निर्जळी उपवास, निदान आपल्यापुरता, सोडावा. जागरण, ऊन, पाळीच्या आधीचे दिवस आणि रोजचा चहा अचानक बंद करणे हीही नेहमीची कारणे.

आता गोळी. ती घ्यायचीच तर दुखणे सुरू होताच घ्यावी. झटक्यात जठराचे काम मंदावते, त्यामुळे ‘अजून थोडे सोसून पाहू’ म्हणत उशिरा घेतलेली गोळी पोटातच रेंगाळते. गुण येत नाही, मग दुसरी घेतली जाते. खरा धोका मात्र पुढे आहे. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफिनमिश्रित गोळ्या किंवा ट्रिप्टान १० किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले तर औषधामुळेच डोके दुखू लागते. महिन्यातून चारदा येणारे दुखणे मग जवळजवळ रोजचे होते. रुग्णाला वाटते आजार वाढला, म्हणून तो गोळ्या वाढवतो. त्या थांबवल्यावर काही दिवस डोके आणखी दुखते. या टप्प्यावर डॉक्टरांची मदत नसेल तर माणूस पुन्हा पाकीट उघडतो.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस असे जात असतील तर झटका टाळणारी औषधे विचारून घ्यावीत. प्रोप्रानोलॉल मूळचे हृदयाचे आणि रक्तदाबाचे, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचे, टोपिरामेट फिट्सचे. ‘मला काय वेड लागलेय?’ म्हणून चिठ्ठी फाडणारे थोडे नाहीत. मायग्रेनसाठी अमिट्रिप्टिलिनचे प्रमाण कमी असते. या औषधांचा गुण दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात. आठवड्यात सोडून देण्यात अर्थ नाही. दमा असेल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. सीजीआरपीला रोखणारी इंजेक्शने २०१८ पासून जगात आली आहेत. ती गुणकारी आहेत, पण महाग.

क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, हातापायात अशक्तपणा, बोलणे अडखळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे : यांत सहाणही नको आणि गोळीही नको, थेट रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही तपासून घ्यावी. रेषा दिसणारा मायग्रेन असलेल्या स्त्रियांनी संततिनियमनाच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

बाकीच्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच, डोके दुखले त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली त्या दिवशी टिंब द्यावे. पाळी, उपवास, जागरणही तिथेच टिपावे. डॉक्टरांकडे जाताना ही तीन महिन्यांची पाने सोबत न्यावीत. ‘महिन्यातून किती गोळ्या घेता?’ या प्रश्नाला बहुतेकांचे तोंडी उत्तर असते, ‘फार नाही, अधूनमधून.’