२०४२ पर्यंत थांब हं, बाळा!

२०२१मध्ये कोविडने आई-बाबा दोघंही नेले, तेव्हा दोन वर्षांचं असलेलं मूल २०४२मध्ये २३ वर्षांचं होईल. तेव्हा पीएम केअर्स योजनेतले १० लाख रुपये त्याच्या हातात येतील. राज्य सरकारनेही अशा मुलांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव ठेवायचा निर्णय घेतला. हे सगळं हवंच. पण आज रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला त्या एफडीचा काय उपयोग?

'लहान आहे, विसरेल' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. घरातलं कुणी गेलं, दरड कोसळली, पूर आला की मोठ्यांचं सांत्वन होतं आणि लहानग्याच्या हातात बिस्किटाचा पुडा येतो. तीन-चार वर्षांचं मूल 'मला दुःख झालंय' असं थोडंच सांगणार? ते पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, बोलेनासं होतं, आजीचा पदर सोडत नाही, नाहीतर दिवसभर अँब्युलन्सचा एकच खेळ खेळत बसतं. घरचे म्हणतात, हट्टी झालंय. कधी एखादा फटकाही बसतो.

सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीतही बोलता येतं. पण फोन लावणार कोण? कॉलेजात शिकूनही आपल्याला असा नंबर फिरवायचा धीर होत नाही. गावाकडच्या आजीला तर तो माहीतही नसतो.

म्हणून माझं म्हणणं, सुरुवात अंगणवाडीतून करा. मूल तिथे रोज येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही वर्षातून दोनदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, वाढीतला विलंब तपासतं. त्यातच विचारा ना, यंदा घरात काय घडलं? मूल नीट झोपतं का, खेळतं का? आणि उत्तर काळजीचं आलं तर जिल्ह्याला लहान मुलांसोबत काम करणारा मानसतज्ज्ञ हवा, नाहीतर नुसता फॉर्म भरून काय करायचं? अंगणवाडी सेविकांवर आधीच कामाचं ओझं आहे, हे खरंय. मग त्यांना प्रशिक्षण द्या आणि या कामाचे वेगळे पैसेही द्या. फुकटात आणखी एक रजिस्टर नको.

आणि आपण? एनएसएसबरोबर आपत्तीच्या गावी गेलात तर मोबाइल खिशात राहू द्या. 'आई आठवते का?' विचारून रील काढणारे कमी नाहीत. त्यापेक्षा खडू, चेंडू न्या, रोज ठरलेल्या वेळी जाऊन खेळा. आणि परत निघायच्या दोन दिवस आधी मुलांना तसं सांगून ठेवा. न सांगता गेलेली माणसं त्यांनी आधीच पाहिलीत.