ळ गिळलेलं गाव

मंडळी, डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला होता, आठवतंय ना? आधी कर्नाटकच्या विधिमंडळाने ठराव केला, मागोमाग आपल्या. त्या दिवसांत हिंदी वाहिन्यांवर ठळक अक्षरांत झळकायचं, 'बेलगाम'. म्हणजे लगाम सुटलेलं! इंग्रजी स्पेलिंग वाचून तसंच्या तसं उतरवलेलं.

यावर एक समर्थन ऐकू येतं. 'बेळगाव' लिहिलं तर कानडी माणूस रागावतो, 'बेळगावी' लिहिलं तर मराठी. त्यापेक्षा जुनं इंग्रजी नाव बरं, ते कुणाच्याच बाजूचं नाही.

मला हे अजिबात पटत नाही. १८१८ मध्ये किल्ला जिंकून घेणाऱ्यांच्या वहीतलं नाव तटस्थ कसं? 'बेळगाव' आणि 'बेळगावी' ही नावं शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्हींत ळ आहे. जुन्या लेखांतलं 'वेणुग्राम' दोघांचंही. साहेबाच्या जिभेला ळ झेपला नाही, म्हणून तो गेला. भांडणाऱ्या दोघांमध्ये जे समाईक होतं, नेमकं तेच तिसऱ्याने गिळलं, आणि आपण त्याला पंच म्हणतो!

खरं कारण आळस आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. कर्नाटकात तो राज्योत्सव, तर बेळगावातले अनेक मराठी लोक तोच काळा दिवस म्हणून पाळतात. 'बेळगावी' हे नाव अधिकृत झालं तेही १ नोव्हेंबरलाच, २०१४ साली. तारीख तीच का निवडली आणि तिथल्या मराठी माणसाला ती का बोचते, हे बातमीत दोन ओळींत सांगता येतं. इंग्रजी नाव वापरलं की ते कष्ट वाचतात.

उत्तर आयर्लंडमधल्या एका शहराच्या नावावरून असाच वाद आहे. तिथे बीबीसीची पद्धत अशी, की पहिल्या उल्लेखात 'लंडनडेरी' म्हणायचं, पुढे 'डेरी'. उपाय अर्धवट असेल, पण नाव वादातलं आहे हे श्रोत्यापासून लपत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. १९९५ पासून कुणी 'बॉम्बे' म्हटलं की आपण त्याच्या अंगावर जातो. पण 'बेलगाम' मात्र खपवून घेतो, का तर ते निदान 'बेळगावी' तरी नाही! हा स्वाभिमान नव्हे, शेजाऱ्यावरचा राग आहे. मराठीत आपण बेळगावच लिहू, त्यात तडजोड नाही. कानडीत ते बेळगावी असणार. हिंदी-इंग्रजीवाल्यांनी अधिकृत नाव द्यावं आणि शेजारी मराठी नावही द्यावं. एका शहराला दोन नावं असली म्हणून बातमीची जागा काही संपत नाही.

असो. पटलं नाही तर जरूर भांडा. फक्त ळ शाबूत ठेवून!