रांगेच्या मध्यावरचा माणूस

एखाद्या देशातील सर्व माणसे वयाच्या क्रमाने एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधोमध येणाऱ्या माणसाचे वय ते त्या देशाचे मध्यक वय. अर्धी प्रजा त्याहून लहान, अर्धी मोठी. सरासरी वय ही निराळी गोष्ट होय. ४, ३१, ३४, ६२ आणि ८९ वर्षांच्या पाच जणांच्या कुटुंबात सरासरी ४४ येते, मध्यक मात्र ३४. पणजोबा ८९ ऐवजी ९९ वर्षांचे असते तर सरासरी ४६ झाली असती; मध्यक जागचा हलला नसता.

आज नायजरचे मध्यक वय १५ च्या आसपास, भारताचे २८ च्या आणि जपानचे ४९ च्या आसपास आहे. औषधोपचार सुधारले, माणसे दीर्घायुषी झाली म्हणून हा आकडा वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. बालमृत्यू घटू लागतात तेव्हा प्रथम उलटच घडते. वाचलेली मुले रांगेच्या धाकट्या टोकाला येतात आणि मध्य खाली सरकतो. तो वर चढतो प्रामुख्याने घरोघरचे पाळणे कमी हलू लागल्यावर. जपानमधील ओजी समूहाने २०२४ मध्ये देशांतर्गत बाजारासाठी तान्ह्या मुलांचे डायपर बनविणे थांबविले व प्रौढांच्या डायपरवर भर दिला. व्यापाऱ्याला कोणत्याही कोष्टकापेक्षा ही बातमी अधिक बोलकी वाटावी.

अर्थात एकट्या मध्यकावर विसंबणेही धोक्याचे. संयुक्त अरब अमिरातीचे मध्यक वय तिशीपुढे आहे. पण तेथे बाहेरून आलेले तरुण कामगारच दाटले आहेत, वृद्ध अगदी थोडे.

जैन समाजापुरते पाहावयाचे तर २००१ च्या जनगणनेत देशात सहा वर्षांपर्यंतची मुले शेकडा १५.९ होती. जैनांत ती शेकडा १०.६, म्हणजे प्रमुख धर्मसमुदायांत सर्वांत कमी. ती मुले आता पेढीवर बसण्याच्या वयाची झाली आहेत. तीन भावांच्या तीन दुकानांमागे पुढच्या पिढीत मुले दोनच, आणि त्यांतील एक बंगळुरूला नोकरीत, अशी घरे थोडी नाहीत. तिसऱ्या दुकानाची किल्ली कोणाकडे द्यावी, याची बोलणी तेथे आत्ताच सुरू झाली आहेत.