गियरबॉक्स आणि गुणपत्रिका

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरे जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे नाव जून २०२२ मध्ये जगभर झाले. या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला आणि गिनीजच्या नोंदवहीत एका विक्रमाची भर पडली. एकेकाळी खाचखळग्यांमुळे वाहनचालकाचा डावा हात ज्या रस्त्यावर सतत गियरच्या दांड्यावर असे, त्याच रस्त्यावर आता तो हात बराच वेळ मोकळा राहतो. नव्या मोटारींपैकी पुष्कळ मोटारींत तर गियर बदलण्याचे काम चालकाकडे उरलेलेच नाही. ते यंत्रच परस्पर करून टाकते. रस्ता सुधारला, मोटार सुधारली, याचा कोणालाही आनंदच वाटेल. परंतु या सुधारणेच्या ओघात एक जुनी विद्या हातातून निसटू पाहत आहे, आणि तिच्या जाण्याची साधी नोंदही कोठे होताना दिसत नाही.

ती विद्या म्हणजे मोटारीचा गियरबॉक्स उतरवून, तपासून, प्रसंगी त्याच्या जागी दुसऱ्या जातीचा गियरबॉक्स बसविण्याची. आपल्याकडे हे काम मजुरीच्या खात्यात मांडले जाते. विद्येच्या खात्यात त्याला जागा नाही. ही मांडणी मुळातच चुकीची आहे आणि तिची किंमत वऱ्हाडातील तरुण पिढी मोजीत आहे.

सधन देशांत या बाबतीत काय घडले, ते पाहणे उद्बोधक ठरेल. वेगवान स्पोर्ट्स कार बनविणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी गेल्या दोन दशकांत हाताने बदलायचा गियर हळूहळू बाजूला सारला. फेरारीने तो सोडून दिला. पोर्शे कंपनीने २०१३ साली आपली ‘९११ जीटी३’ ही मोटार केवळ स्वयंचलित गियरसह बाजारात आणली. यंत्र माणसापेक्षा जलद गियर बदलते, हा युक्तिवाद बिनतोड होता. तरीही चाहत्यांची नाराजी इतकी झाली की, २०१६ साली त्याच कंपनीला ‘९११ आर’ ही मर्यादित संख्येची मोटार हाताच्या गियरसह काढावी लागली आणि २०१७ साली ‘जीटी३’मध्येही तो गियर परत आला. कित्येक हौशी मालक तर स्वयंचलित गियरबॉक्स काढून टाकून पदरच्या खर्चाने हाताचा गियरबॉक्स बसवून घेतात. महाराष्ट्रातील दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडलेल्या ‘अवंती’ या स्पोर्ट्स कारलाही पुढे हाताचाच, सहा गतींचा गियर होता. गतीच्या स्पर्धेत यंत्राकडून हरलेल्या माणसाला यंत्रावरचा आपला ताबा मात्र सोडवत नाही, असाच याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल की, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. पऱ्हाटी आणि सोयाबीनच्या भावाची चिंता वाहणाऱ्या वऱ्हाडाला त्यांच्याशी काय कर्तव्य? आक्षेप वरवर रास्त आहे. अमरावतीच्या वा अकोल्याच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार क्वचितच दिसावी. परंतु गियरबॉक्स बदलण्याची क्रिया स्पोर्ट्स कारमध्ये जी आहे, तीच थोड्याफार फरकाने जुन्या जीपमध्ये, मालमोटारीत आणि ट्रॅक्टरमध्येही आहे. फियाट आणि अँबॅसिडर या मोटारींचा गियर पूर्वी स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. १९९० च्या दशकात अँबॅसिडरमध्ये इसुझूचे इंजिन आले आणि त्यासोबत पाच गतींचा, खालून दांडा असलेला गियरबॉक्सही आला. तो नवा जोड आपल्या जुन्या गाडीत असावा, असे एखाद्या मालकाला वाटले, तर त्याची इच्छा पुरी करणारा माणूस कारखान्यात नव्हे, गावातल्या गॅरेजमध्येच भेटत असे.

आठवीचे गणित

हे काम अडाण्याचे आहे, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी त्यातले गणित एकदा पाहावे. समजा, इंजिन मिनिटाला ३,२०० फेरे घेत आहे. पहिल्या गियरचे गुणोत्तर ४ ला १ आणि मागच्या अ‍ॅक्सलचेही ४ ला १. म्हणजे इंजिनाचे १६ फेरे होतात, तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. चाक मिनिटाला २०० वेळा फिरते. चाकाचा परीघ दोन मीटर धरला, तर वेग ताशी २४ किलोमीटर होतो. मात्र इंजिनाचा रेटा चाकापाशी सुमारे सोळापट होऊन पोहोचतो आणि भरलेली गाडी जागची हलते. चौथ्या गियरमध्ये गुणोत्तर १ ला १ झाले की, तेच इंजिन त्याच फेऱ्यांत गाडी ताशी ९६ किलोमीटरने नेते. आता चाराऐवजी पाच गतींचा गियरबॉक्स बसविला आणि त्याच्या पाचव्या गियरचे गुणोत्तर ०.८ असले, तर ताशी ९६ किलोमीटरसाठी इंजिनाला २,५६० फेरेच पुरतात. इंधन वाचते, घरघर कमी होते. मात्र इंजिनात तेवढा रेटा नसेल, तर हाच पाचवा गियर चढावर कुचकामी ठरतो. त्रैराशिकाचे यापेक्षा चांगले उदाहरण कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल?

गणित जुळले तरी काम संपत नाही. खरे काम तेथूनच सुरू होते. नव्या गियरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवरील खाचा क्लचप्लेटच्या खाचांशी जुळल्या पाहिजेत. इंजिनाच्या पाठीशी येणाऱ्या घंटेसारख्या आवरणाची बोल्टांची भोके एकमेकांसमोर आली पाहिजेत. गियरबॉक्सची लांबी बदलली की, मागे चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टची लांबीही बदलावी लागते आणि तो पुन्हा तोलून घ्यावा लागतो. नाहीतर वेग वाढताच सारी गाडी थरथरू लागते. क्लचप्लेट नेमकी मध्यावर बसली नाही, तर मणभर वजनाचा गियरबॉक्स जॅकवर तोलून धरला, तरी तो आत जात नाही, आणि तेथे जबरदस्ती केली तर शाफ्टच दुखावतो. वेगदर्शकाला फिरवणारे चिमुकले चक्र नव्या गियरबॉक्सला अनुरूप नसेल, तर काटा चालकाशी खोटे बोलतो. स्वयंचलित गियर काढून हाताचा बसवायचा असेल, तर क्लचची पायपट्टी, निराळे फ्लायव्हील आणि इंजिनाच्या संगणकाची समजूत घालणे, हा व्याप आणखी वाढतो.

वऱ्हाडातील गॅरेजमधला कसबी मिस्त्री यांतले बरेचसे शब्द पुस्तकात न वाचताही त्यांमागील तत्त्व जाणतो. गियर टाकताना होणाऱ्या करकरीवरून क्लच पुरता सुटत नाही की गियर जुळविणारी पितळी कडी झिजली आहे, हे तो सांगतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट उतरणाऱ्या चालकाला, ज्या गियरने चढलास त्याच गियरने उतर, असे बजावताना तो ब्रेकचे तापणे आणि इंजिनाचा अडसर यांविषयीचे पदार्थविज्ञानच सांगत असतो. या ज्ञानाला फक्त गुणपत्रिका नाही.

कायद्याची रेघ

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चुकीचा बसविलेला गियरबॉक्स ही केवळ मालकाची अडचण नसते. रस्त्यावरील इतरांच्या जिवाशीही तिचा संबंध येतो. म्हणूनच मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरबदल करण्यास मनाई केली आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

कायद्याचा हेतू निर्विवादपणे योग्य आहे. परंतु नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक असतो, गियरबॉक्सचा नसतो. त्यामुळे झिजलेल्या गियरबॉक्सच्या जागी त्याच जातीचा दुसरा बसविणे ही दुरुस्ती, हे उघड असले, तरी चार गतींच्या जागी पाच गतींचा बसविला तर त्याला काय म्हणावे, हे सामान्य मालकाला कळत नाही आणि मिस्त्रीला कोणी समजावून सांगत नाही. परिणामी, जबाबदार माणूस काम करण्यास कचरतो आणि बेपर्वा माणूस ते आडोशाला उरकतो. अपंग व्यक्तीसाठी वाहनात अनुकूल बदल करण्याची वाट त्याच कायद्याने २०१९ साली मोकळी केली. ज्याला गरज आहे त्याला रीतसर परवानगीने बदल करता यावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. तपासणीच्या अटीवर तेच तत्त्व थोडे पुढे नेण्यात धोका नाही. धोका आडोशाच्या कामात आहे.

हात आणि पाटी

मूळ प्रश्न मात्र कायद्याचा नसून शिक्षणाचा आहे. वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्यास, ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार देशापुढे आला. शिक्षणतज्ज्ञांनी त्याचा गौरव केला आणि शाळांनी तो बासनात बांधून ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्यास पाठवावे, असे सुचविले आहे. त्र्याऐंशी वर्षांनी वर्ध्याचाच विचार दहा दिवसांपुरता परत आला म्हणायचा! ते दहा दिवसही एखाद्या सहलीत आणि हस्तकलेच्या प्रदर्शनात संपले, तर दोष धोरणाचा म्हणता येणार नाही.

अमरावतीस शासकीय तंत्रनिकेतन १९५५ पासून आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. दोन्ही शहरांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला तर ज्यांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, त्या संत गाडगेबाबांचे नाव आहे. इतके असूनही अभियांत्रिकीचा विद्यार्थी गियरच्या दात्यांचा ताण वहीत काढतो आणि प्रत्यक्ष गियरबॉक्स काचेच्या कपाटात कापून ठेवलेला पाहतो. तर गॅरेजमधला पोरगा रोज गियरबॉक्स उघडतो आणि त्या ताणाचे नावही त्याच्या कानी पडत नाही. एकाजवळ पाटी आहे, दुसऱ्याजवळ हात आहे. दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही.

ही गाठ पडू शकते, याचा पुरावाही आहे. सातपुड्यापलीकडे पीथमपूर येथे २००७ पासून सुरू झालेल्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी देशभरातील अभियांत्रिकी विद्यार्थी स्वतः खडबडीत रस्त्याची शर्यतीची गाडी बनवितात. त्यांतील अनेकांनी प्रवासी तीनचाकीचा गियरबॉक्स उचलून आपल्या गाडीत बसविला. त्यासाठी त्यांना पुस्तकाइतकाच गॅरेजचा आधार घ्यावा लागतो, हे उघड आहे. स्पर्धेपुरते जे घडते, ते अभ्यासक्रमात का घडू नये?

आता सर्वांत मोठा आक्षेप. विजेवर चालणाऱ्या मोटारीत क्लच नसतो, गियरचा दांडा नसतो. बहुधा एकच ठरावीक गुणोत्तर पुरते. मग जाणारी विद्या तरुणांनी कशाला शिकावी? याची उत्तरे दोन. पहिले व्यवहाराचे. शेतातले ट्रॅक्टर, मालमोटारी आणि जुन्या गाड्या उद्या सकाळी नाहीशा होणार नाहीत. शिवाय २०१४ पासून स्वस्त मोटारींत जो क्लचविरहित गियर लोकप्रिय झाला, त्याच्या पोटात जुनाच हाताचा गियरबॉक्स असतो. दांडा हलविण्याचे काम तेवढे यंत्राकडे गेलेले असते. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. गियरबॉक्सवर हात बसलेला माणूस लोखंडाचा एक डबा शिकलेला नसतो. मोजावे कसे, दोष हुडकावा कसा, एक भाग बदलला तर दुसऱ्यावर काय ओढवते, हे तो शिकलेला असतो. हीच शिस्त उद्या विजेच्या मोटारीला लागणार आहे. ती नसलेला पदवीधर नव्या यंत्रापुढेही तितकाच परका राहील.

तेव्हा करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा सायंकाळी गॅरेजमधील कामगारांसाठी उघडाव्यात आणि तेथे त्यांना मापनाची साधने, विजेच्या मोटारीची ओळख व कायद्याची माहिती द्यावी. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ते कागद वाटण्यापुरते न राहता प्रत्यक्ष काम पाहून दिले जावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एक सत्र गॅरेजमध्ये घालवावे आणि तेथील मिस्त्रीने दिलेले गुण त्याच्या गुणपत्रिकेत धरले जावेत. परिवहन कार्यालयांनी दुरुस्ती कोणती आणि फेरबदल कोणता, याचा सोप्या मराठीतील तक्ता दर्शनी भागी लावावा. यांतील कशालाही विक्रमी रस्त्याइतका पैसा लागणार नाही.

खरी अडचण पैशाची नाही, पंक्तीची आहे. तेलाने माखलेल्या हाताला ज्ञानाच्या पंक्तीत पाट मांडायचा की नाही, हे शिक्षकांनी, पालकांनी आणि विद्यापीठाने ठरवायचे आहे. गॅरेजमधले जाणते मिस्त्री आता उतारवयाकडे झुकत आहेत. निर्णयाला आणखी वीस वर्षे लागली, तर पाट मांडला जाईल. पण त्यावर बसण्यास कोणी उरलेले नसेल.